दर थंडीत कासव खाणं सोडतं: आधी ऊब, मग पाणी, मग चारा

दिवाळी आटोपून थंडी पडायला लागली की ओळखीपाळखीतून मला फोन येतात, आणि सगळ्यांची तक्रार जवळपास एकाच शब्दांत असते. "भाऊ, कासव चार दिवस झाले खात नाहीये. डोळे मिटून कोपऱ्यात पडून असतं. मागच्या वर्षीही असंच झालं होतं, मग आपोआप बरं झालं." घात करतं ते हे 'आपोआप'. फेब्रुवारीत ऊन तापतं म्हणून कासव उठून खायला लागतं. दुखण्याचं मूळ तिथेच राहतं आणि पुढच्या थंडीत पुन्हा डोकं काढतं. माझ्याकडे सलग तीन थंड्यांत काही ना काही बिघडलंच. दर वर्षी वाटायचं, सापडलं कारण. सापडायचं एक, राहायची दोन.

मी डॉक्टर नाही, चोपडा तालुक्यात किराणा दुकान चालवतो. माझ्या भाच्याने पुण्यात असताना एक सुलकाटा जातीचं कासव घेतलं होतं. त्याला बंगळुरूला नोकरी लागली तेव्हा "मामा, महिनाभर ठेवा" म्हणून ते खोक्यात घालून माझ्या ओसरीवर ठेवून गेला. त्या महिन्याला आता चार वर्षं होत आली. दगडासारखं एका जागी बसतं म्हणून घरातल्यांनी नाव ठेवलं धोंड्या. आला त्या दिवशी दुकानाच्या काट्यावर वजन भरलं १ किलो ३५० ग्रॅम. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवलं. सगळ्या खटाटोपात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच होती, पण हे मला फार उशिरा कळलं.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. हे लिहिलंय ते जमिनीवरच्या, गवत खाणाऱ्या कासवाबद्दल. काचेच्या टाकीत ठेवतात ती कानाजवळ लाल पट्टा असलेली पाण्यातली कासवं वेगळी, त्यांचं खाणंपिणं वेगळं. आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं तारा कासव कोणी 'घरात शुभ असतं' म्हणून आणून देत असेल तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची १ मध्ये आहे, पाळणं गुन्हा आहे. कुठे सापडलंच तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवा. सुलकाटासारख्या परदेशी जातीचीही नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ पासून तसा नियमच आहे. आमच्या भाच्याने ती केली होती, एवढं एक काम त्याने नीट केलं.

पहिल्या थंडीत आम्ही काहीच केलं नाही. डिसेंबरात धोंड्या खायचा थांबला तेव्हा शेजारच्या नानांनी सांगितलं, "झोपू दे त्याला, बेडूक-साप नाही का झोपत." पटलं. दुकानामागच्या खोलीत, शहाबादी फरशीवर, पोत्याखाली महिनाभर पडून राहिला. जानेवारीच्या शेवटी वजन केलं तर १ किलो १९० ग्रॅम. नंतर भाच्याने फोनवर झापलं. सुलकाटा हे सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं जनावर. ते थंडीत झोपी जातच नाही. तिकडे कडक ऊन आणि रात्री खोल बिळाची ऊब अशी त्याच्या अंगाची घडण झालेली. आपल्याकडे दिवसा ऊन चटकतं म्हणून आपण गाफील राहतो, आणि रात्री जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो. आपण गोधडीत असतो, ते फरशीवर असतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. अंग गार पडलं की आतडंही थंडावतं. अशा वेळी आपण काळजीने तोंडाशी काकडी धरतो, पातळ करून भरवायला बघतो. गेलेला घास पचत नाही, पोटात आंबतो. म्हणून खात नसलेल्या कासवाला खायला घालणं हा उपाय नाही. आधी त्याला गरम करा. दोन-तीन दिवस नीट ऊब मिळाली की निम्मी कासवं स्वतःहून पाल्याला तोंड लावतात.

ऊब मोजायची कशी? हाताने नाही. फिश टँकला लावतात तो छोटा डिजिटल थर्मामीटर आणा, दोन-अडीचशेच्या आत मिळतो, आणि त्याची वायर कासव बसतं त्या उंचीवर, जमिनीला लागून ठेवा. आमच्या मागच्या खोलीत भिंतीवर २१ अंश दिसायचे तेव्हा फरशीजवळ १५ होते. लहान कासवाला रात्री २४-२६ अंशांच्या आसपास लागतात. दिवसा वावरायच्या जागेत २८ ते ३२, आणि एक कोपरा असा की तिथे ३५-३८ मिळतील, म्हणजे तापायचं असलं की तिथे जाईल, नको असलं की सरकेल. ही सरकायची मोकळीक महत्त्वाची. सगळं खोकं एकसारखं तापवलं तर ते शिजेल.

रात्रीसाठी मी जे केलंय ते सांगतो. जुनं लाकडी खोकं घेतलं, मालाच्या पेट्यांतून निघालेल्या थर्माकोलच्या पाट्या त्याला बाहेरून बांधल्या. आतून लावू नका, कासव थर्माकोल कुरतडून गिळतं. आत चार बोटं माती. दाराला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पडद्यासारख्या. वर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, हातभर उंचीवर, भोवती जाळी. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, त्या भानगडीत पडू नका. आणि हीटर असलेल्या खोक्यात कडबा किंवा सुकं गवत अंथरू नका, एका ठिणगीचा खेळ आहे. पिवळा बल्ब रात्रभर लावला तर स्वस्त पडतो, पण उजेडात कासवाला झोप लागत नाही. लाइट गेली तर? आमच्याकडे जातेच. दोन लिटरच्या दोन बाटल्यांत गरम पाणी, जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या दोन बाजूंना. बाहेरून गोधडी, फक्त हवेला फट सोडून. पहाटेपर्यंत निभावतं.

दुसऱ्या थंडीत हे सगळं होतं. धोंड्या खात होता, वजन टिकून होतं. मी खूश. आणि संक्रांतीच्या सुमारास त्याला उचलताना पोटाकडच्या कवचाची कड अंगठ्याखाली दबली. अर्धवट वाळलेली बिबडी, म्हणजे ज्वारीचा पापड, उचलताना लवते ना, तशी. कासवाचं कवच लवतं म्हणजे हाडच मऊ पडतंय. माझ्या पोटात गोळा आला.

कारण होतं काच. थंडी लागू नये म्हणून मी त्याला नोव्हेंबरपासून बाहेर काढलंच नव्हतं. दिवसभर खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तो बसायचा, बघायला किती छान. पण अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागतात ती उन्हातली अतिनील ब किरणं, आणि खिडकीची साधी काच ती जवळजवळ सगळी अडवते. ऊब आत येते, औषध बाहेर राहतं. ड नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून ओढून घेतं. शहरातले लोक यासाठी खास दिवे लावतात. ते हजारांच्या घरात जातात, आणि दिवा दिसायला पेटलेला असला तरी काही महिन्यांनी त्यातली ती किरणं संपत येतात, म्हणून ठरावीक काळाने बदलावे लागतात. खानदेशात राहून उन्हासाठी पैसे मोजायचे हे माझ्या दुकानदाराच्या बुद्धीला पटलं नाही. थंडीत दहा ते एक, अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला. अंगावर सरळ ऊन हवं, मध्ये काच नको, प्लॅस्टिकचा कागद नको. तासभर मिळालं तरी चालतं, दोन मिळाले तर उत्तम. शेजारी सावली असलीच पाहिजे आणि कुत्र्यापासून राखण असलीच पाहिजे.

सोबत कॅल्शियम. आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन (माकूळ या समुद्री जिवाचं पांढरं हाड) मिळतो, त्याचा एक तुकडा जागेवर पडू द्या, वाटेल तेव्हा कुरतडतं. नाहीतर अंड्याची टरफलं उकळून, उन्हात वाळवून, मिक्सरला अगदी पिठासारखी करून आठवड्यातून दोन-तीनदा पाल्यावर चिमूटभर. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी सुचवलं, तंबाखूला लावतो तो चुनाच लाव की, कॅल्शियमच आहे. तो नको. खायचा चुना तोंड आणि आतडं भाजतो. टरफल आणि चुना ही एकाच घरची भावंडं असली तरी स्वभाव वेगळे. गुरांचं खनिज मिश्रणही नको, त्यात स्फुरद (फॉस्फरस) बरंच असतं. कवच पुरतं टणक व्हायला आम्हाला सहा-सात महिने लागले.

मग तिसरी थंडी. ऊब आहे, ऊन आहे, तरी डिसेंबरात शेण पातळ, आंबूस वास, आणि गवत पुढे केलं की मान फिरवून घेणार. याचं उत्तर दारातच लटकत होतं, केळी.

आमच्या भागात केळीचा माल ट्रकमध्ये भरून झाला की जी उरते, डागी, बारीक, वापसीची, ती गल्लीत फुकट वाटली जाते. येणारा-जाणारा प्रत्येक जण धोंड्यासाठी एखादं टाकायचा. पोरांना तर तो केळं खाताना बघायची हौस, कारण सगळं थोबाड चिकट करून घ्यायचा. केळ्याच्या १०० ग्रॅमला कॅल्शियम जेमतेम ५ मिलिग्रॅम आणि स्फुरद २२. कासवाला पाहिजे बरोबर उलटं, स्फुरदाच्या निदान दीडपट-दुप्पट कॅल्शियम. त्यात साखर. या जातीचं पोट म्हणजे गवत आंबवून पचवणारी भट्टी आहे, म्हशीसारखी, फक्त भट्टी मागच्या आतड्यात. साखर पडली की तिथलं सगळं बिघडतं आणि जंत माजतात. शिवाय गोडाची चटक लागली की पोरं पोळी-भाजी सोडतात तसंच हे गवत सोडतं.

सोडवायला नऊ दिवस लागले. पहिले सहा दिवस धोंड्याने संप केला. अंगात ऊब आणि पाणी असेल तर एवढा उपास धडधाकट कासवाला सोसतो, आपल्यालाच सोसत नाही. आमच्या मंडळींनी तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने अर्धं केळं सरकवलं हे मला नंतर कळलं. सातव्या दिवशी हरळी बारीक कापून त्यात जास्वंदीची दोन फुलं चुरून कालवली. आधी फक्त लाल लाल वेचलं. नवव्या दिवशी टोपली रिकामी.

आता खायला काय, आणि तेही फुकट, हा माझा आवडता विषय. टोपलीतला दहापैकी आठ हिस्से भाग गवत पाहिजे. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, अंगणातच असते. मारवेल गवत मिळालं तर सोनं. उरलेल्या दोन हिश्शांत हंगामाप्रमाणे काय असेल ते. रब्बीत शेतात पाथरी येते, ती कासवाला फार मानवते. जास्वंदीचा पाला आणि फुलं बारा महिने. तुतीचा पाला. शेवग्याचा पाला थोडा. फड्या निवडुंगाचं एक पान, काटे विस्तवावर भाजून घासून काढायचे आणि पट्ट्या कापायच्या, यात पाणी आणि कॅल्शियम दोन्ही. कोथिंबीर थंडीत मातीमोल होते तेव्हा बाजार उठताना जुडी घ्या. घोळ, माठ, पालक यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून चवीपुरतं. लसूणघास गुरांना चांगला पण धोंड्याला मूठभरच, त्यात प्रथिनं जास्त. कोवळी ज्वारी गुरांनाही बाधते, तिच्या वाटेला जाऊ नका. भाकरी, पोळी, भात, दूधपाव, कुत्र्याचं खाणं, काहीही नाही. काकडी-टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी. कण्हेर, रुई, एरंड, धोतरा, घाणेरी, बेशरम आणि गाजरगवत अंगणात असेल तर उपटा, विषारी आहेत.

पण गवत कोणत्या बांधावरचं, हा खरा प्रश्न. एकदा सकाळी कपाशीच्या बांधावरून मस्त हिरवी पेंढी कापून निघालो तर शेतातून हाक आली, "ओ भाऊ, ते गवत नको ली जाऊ! काल औषध मारेल शे!" बांध साफ करायला तणनाशक मारलेलं. दुसऱ्या दिवशी ते गवत हिरवंच दिसतं, पिवळं पडायला चार-आठ दिवस जातात. कपाशी आणि केळीच्या बागेजवळचं गवत मी तेव्हापासून बंद केलं. आता शाळेच्या मागचं मैदान, देवळाचं आवार आणि माझ्या मागच्या वाड्यातली दोन वाफे हरळी. ते वाफे कपडे धुतलेल्या पाण्यावर नाही, साध्या पाण्यावर.

उन्हाळ्यात हिरवं कुठून आणायचं? श्रावणात कानबाईचा सण आटोपून ती उठली की गवत गुडघ्याला लागतं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत मी रोज थोडं कापून धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, सावलीला वाळवतो आणि साखरेच्या रिकाम्या पोत्यांत भरतो. काळी बुरशी दिसली की ते पोतं उकिरड्यावर. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास हेच गवत अर्धा तास भिजवून दिलं की चालतं.

पाणी राहिलं. आठवड्यातून दोनदा घमेल्यात कोमट पाणी, कासवाच्या हनुवटीपर्यंत, वीस मिनिटं. अगदी लहान पिल्लाला रोज. पाण्यात ते लघवी-शेण करतं, त्यावरूनच निम्मं निदान होतं. पांढरा, पातळ, खडू कालवल्यासारखा भाग निघाला तर ठीक. तोच बोटांत करकरीत वाळूसारखा लागला तर पाणी कमी पडतंय, मूतखड्याकडे वाटचाल आहे. खानदेशच्या कोरड्या हवेत हे थंडीतही होतं आणि मे महिन्यात तर हमखास. पिल्लांच्या पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येतात तेही बरंचसं कोरड्या हवेमुळे. २००३ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवरच तपासून पाहिलं होतं, त्यात खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा हात मोठा निघाला. धोंड्याच्या पाठीवर असे तीन-चार उंचवटे आहेत. आलेले जात नाहीत, नवीन येऊ नयेत एवढंच बघायचं. मी फुटका रांजण आडवा अर्धा पुरलाय, आत माती ओलसर ठेवतो, उन्हाळ्यात तोंडावर ओलं पोतं. ४४-४५ अंशांच्या दुपारी तो तिथून हलत नाही आणि आपणही हलवू नये, ऊन खायला सकाळचे सात ते नऊ पुरे. उलट थंडीत ओल आणि गारवा एकत्र आला तर छातीवर जातं. ऊब देता येत नसेल तर जागा कोरडी ठेवा.

तर तुमचं कासव आज खात नसेल तर माझ्या मते क्रम असा. जमिनीजवळचं तापमान मोजा, रात्री आणि पहाटेही. कमी असेल तर ते सुधारून तीन दिवस थांबा. रोज कोमट पाण्यात बसवा. मग सरळ ऊन. खाणं सगळ्यात शेवटी, आणि सुरुवात गवताने. दर रविवारी वजन लिहा. माझ्या वहीत तिन्ही थंड्यांचे आकडे कागदावर होते, फक्त मी ती पानं एकत्र लावून कधी बघितली नव्हती.

आणि डॉक्टरकडे कधी? नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून शीळ घातल्यासारखा आवाज, मऊ कवच, रक्त, सुजलेले डोळे, किंवा ऊब नीट देऊनही आठवडाभर अन्नाला तोंड नाही, तर घरगुती उपाय बंद. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी-शेळ्यांत वाकबगार, कासव त्यांच्यापुढे क्वचित येतं. तिसऱ्या थंडीत जंतांसाठी मी एका ठिकाणी गेलो तेव्हा सुईत आयव्हरमेक्टिन भरलंच होतं, गुरांना देतात तेच. नशीब, भाच्याने ओळख करून दिलेल्या पुण्याच्या डॉक्टरांशी त्याच वेळी फोनवर बोलत होतो, ते ओरडलेच. आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. कितीही थोडं असलं तरी नाही. शेण तपासून गरज असेल तर कासवांना सहसा फेनबेंडाझोल देतात, तेही वजन करून, डॉक्टरच्या हातूनच. समोरच्या माणसाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. सुई भरलेल्या डॉक्टरांनीही नंतर बाटली परत कपाटात ठेवत विचारलं, "आणखी काय काय चालत नाही यांना?"

खर्च विचाराल तर थर्मामीटर, हीटर, होल्डर, जाळी, वायर मिळून दीड हजाराच्या आत झालं, आणि थंडीच्या महिन्यांत विजेचं बिल थोडं वाढतं. बाकी चारा फुकट. खरा खर्च पुढे आहे. सुलकाटा चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातं आणि आपल्यापेक्षा जास्त जगू शकतं, घेण्याआधी हे कोणी भाच्याला सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी धोंड्या ५ किलो ८२० भरला, थंडी सुरू झाल्यापासून एक ग्रॅमही उतरलेला नाही. त्याऐवजी गोदामाच्या पायाशी त्याने हातभर खोल बीळ कोरलंय. तिथे शहाबादी उभी पुरायची आहे, उद्या गवंडी येतोय.